लिबोरियोची जागा

फावारेल्ला,
१२ फेब्रुवारी १९९३

चि. गास्पारे यास निन्फाताईचे अ. उ. आ.

तुझे नाताळचे पत्र जानेवारी संपता संपता हाती पडले. ऑस्ट्रेलियात नाताळला तुम्ही समुद्रकाठी बसून कलिंगड खाता, हे मी अडतीस वर्षे वाचते आहे आणि मला अजून पटलेले नाही. फोटोतली नात तुझ्यावर गेली आहे, म्हणजे कान. बाकीचे तिने आईकडून घेतले हे बरे केले.

इकडे लिंबांना यंदा उठाव नाही. माझा उजवा गुडघा चढावर कुरकुरतो, उतारावर शिव्या देतो. शाळा सोडून सात वर्षे झाली, तरी बाजारात मला पाहिले की पन्नाशीचे बाप्ये सिगारेट पाठीमागे लपवतात. तेवढेच निवृत्तिवेतन खरे.

आता मुद्द्याचे. परवा लिबोरियोचा वकील आला होता. बस म्हटले नाही तरी बसला. आपल्या थोरल्या भावाच्या पोटात गाठ आहे आणि तो उत्तरेकडच्या तुरुंगाच्या दवाखान्यात पडून आहे. डॉक्टर म्हणतात, वर्ष काढणार नाही. जन्मठेपेची नऊ वर्षे झाली. जिवंतपणी सोडणार नाहीत, मेल्यावर देतील. आणि म्हणून वकीलसाहेब जागा बघायला आले होते, जसे लग्नाआधी लोक घर बघायला येतात.

दफनभूमीत चर्चच्या बंधुमंडळाच्या भिंतीत आपल्या बाबांनी शवपेट्यांचे चार कप्पे घेतले होते हे तुला आठवत असेल. खालच्या दोहोंत आजोबा आणि बाबा, वर आई, आणि आईशेजारचा रिकामा माझा. लिबोरियोला तो रिकामा हवा आहे. मी म्हटले, मी अजून जिवंत असले तरी मरणार आहे हे नक्की, मग मी कुठे जाऊ? त्यावर वकील म्हणाला की मास्तरीणबाईंची सोय दुसरीकडे संगमरवरात करून देऊ, खर्चाची काळजी नको. मी त्याला सांगितले, त्या संगमरवरात तूच झोप.

खरे तर सरळ मार्ग वेगळा आहे. तीस वर्षे उलटली की कप्पा उघडून हाडे छोट्या पेटीत काढतात आणि ती जागा घरातल्या पुढच्या माणसाला मिळते. आईला जाऊन सदतीस वर्षे होतील. पण त्या वकिलाने आपणहूनच सांगितले की आईच्या कप्प्याला हात लावायचा नाही, तशी लिबोरियोची सक्त ताकीद आहे. सात वर्षांपूर्वी तू स्वतःसाठी तो कप्पा मागितला होतास आणि मी सही दिली नाही. कारण तेव्हाही लिहिले होते: एकदा जागा मोकळी झाली की मंडळाच्या नियमाने पहिला हक्क थोरल्याचा. तेव्हा तुरुंगातून त्याचा निरोप आला होता की निन्फाचं बरोबर आहे, आईला त्रास नको. उभ्या आयुष्यात आमचे एकमत झाले ते तेवढ्या एकाच गोष्टीवर, आणि मला ते आवडले नव्हते.

सही तुझीही लागते. म्हणून कळवले. मी देणार नाही. तू देऊ नयेस.

सुनेला आशीर्वाद. नातीला कान झाकतील अशी टोपी घे.

तुझी,
निन्फाताई


मेलबर्न,
३ मार्च १९९३

ती. निन्फाताईस गास्पारेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागं जाऊन बसलो. इथं माझं वय झालेल्या माणसांना रडायला तेवढीच जागा आहे.

ताई, तू चिडणार हे धरून लिहितो. दादानं काय काय केलं ते मी वर्तमानपत्रातून वाचलंय. इथल्या पेपरातही त्याचा फोटो आला होता, आणि फॅक्टरीत मला लोकांनी विचारलं की आडनाव तेच कसं. मी म्हणालो, आमच्याकडं अर्ध्या गावाचं तेच आहे. पेत्रानं येशूला नाकारलं तसा नाकारला मी त्याला, फक्त कोंबडा आरवायचा राहिला. पण पेपरातला माणूस मला ओळखीचा वाटत नाही. मला आठवतो तो बाबा गेल्यानंतरचा दादा. दहा वर्षांचा होता आणि तुझ्या नि माझ्या ताटात वाढून झाल्यावर भांडं खरवडायचा.

मृतांचा सण आठवतो का? एक नोव्हेंबरच्या संध्याकाळी तू आईची किसणी घेऊन ती पिठाच्या डब्यात लपवायचीस, कारण जे घरच्या मेलेल्यांना विसरले त्यांचे तळपाय ते येऊन किसतात. मी तरी पाय पोटाशी घेऊन झोपायचो. आणि सकाळी पलंगाखाली साखरेचा सरदार, घोड्यावर बसलेला, लाल पिसांचा! बाबा गेले त्या वर्षी आई म्हणाली होती की यंदा मेलेल्यांना यायला जमणार नाही. तरी सरदार आलाच. तुझ्यासाठी साखरेची नाचणारी बाई, आणि आईसाठी बदामाचं डाळिंब. मी दादाला विचारलं, बाबांनी हे आणलं कुठून. तो म्हणाला, हलवायाच्या दुकानातून उचललं, मेलेल्यांना कोण पकडणार. सगळी पोरं हेच ऐकत मोठी झाली की मेलेले श्रीमंतांच्या दुकानातून चोरतात आणि आपल्या पोरांना देतात. पण आपल्या घरी ते खरंच दादानं चोरलं होतं, हे मला बोटीवर चढताना कळलं. त्यानंच सांगितलं, हसत.

त्या सरदाराचं डोकं मी ईस्टरपर्यंत जपून चाटलं. त्या डोक्याचं काहीतरी देणं लागतो मी.

मला तिकडं जागा नको आता. माझी माणसं इकडं आहेत, इथली माती कोरडी असली तरी चालेल. माझा हक्क मी दादाला देतो. तुझा कप्पा देऊ नकोस असं मीही म्हणतो. पण आईचा उघड. आईनं त्याला जवळ घेतलं नसतं असं मला सांगू नकोस.

आणि एक विचारतो. त्याला अटक होण्याच्या कितीतरी आधी, छप्पन्न सालीच तू त्याच्याशी बोलणं टाकलंस. आईच्या पाठोपाठच. तू मला कारण कधी लिहिलं नाहीस. स्तेफानो परागंदा झाला एवढीच एक ओळ होती. मी लहान भाऊ असलो तरी आता बासष्टचा आहे, ताई.

माया राहू दे, रागासकट.

तुझा,
गास्पारे


फावारेल्ला,
२५ मार्च १९९३

चि. गास्पारे यास अ. उ. आ.

बासष्टचा झालास म्हणून लिहिते.

आधी तुझी साखर. त्या सरदाराचे पुढचे तुला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी लिबोरियोला चोरावे लागले नाही. हलवाई सावेरियोने सणाच्या आदल्या दिवशी पुडा बांधून स्वतः आपल्या उंबऱ्यावर ठेवला. त्याचे गाढव दोनदा सोडून दिले गेले होते, तिसऱ्यांदा सापडले नसते. लिबोरियो तेव्हा अकरा वर्षांचे पोर होता. मी पुडा उचलून आत आणला आणि तुला सांगितले की बाबा येऊन गेले. मीही माझी बाई खाल्ली. स्कर्टपासून सुरुवात केली होती. त्यामुळे तू डोक्याचे बोलतोस ते मला कळते. पण मी त्याला देणे म्हणत नाही.

मग तो पाटकरी झाला. कालव्याचे पाणी कोणाच्या लिंबांना किती वेळ, हे ठरवणारा माणूस या गावात पाद्र्यापेक्षा मोठा. फळी वर उचलायची की खाली पाडायची, एवढेच त्याचे काम. ज्याने टोपी काढली त्याला पाळी मिळाली, ज्याने काढली नाही त्याची झाडे ऑगस्टमध्ये वाळली. आई म्हणायची, माझा लिबोरियो पाण्यासारखा आहे, सगळ्यांकडे जातो. मी कॉलेजातून घरी आले की तिच्याशी भांडत असे. कॉलेजची फी कुठून येते, हे मी विचारले नव्हते. तेही लिहून ठेवते.

स्तेफानोने टोपी काढली नाही. तुला तो आठवेल, प्रोव्हिदेन्साचा धाकटा भाऊ, वरच्या बागेतला, बोलताना डावी भुवई उचलणारा. त्याने स्वतःच्या बागेत विहीर खणली. पाणी लागले. इथवर लिबोरियोने चालवून घेतले असते. पण एप्रिलपासून आजूबाजूच्या चौघांना फुकट पाणी देणार, असे तो चौकात बोलला.

मी तेव्हा तीस वर्षांची होते. तो रोज दुपारी शाळेच्या फाटकापाशी कलमे बांधण्याचा चाकू धार लावायला आल्यासारखा उभा राहायचा. धार लावणारा दुसऱ्या गल्लीत बसतो, हे सगळ्या पोरांना माहीत होते. त्या चाकूची मूठ तुटली होती. मी त्याला हाडाच्या मुठीचा नवा आणून दिला. आमचे बोलणे झाले होते. ईस्टर झाल्यावर तो आईकडे येणार होता.

आई ईस्टरआधीच गेली. ८ मार्चला आपण तिला नेले. आपण म्हणजे आम्ही, तू बोटीने जाऊन वर्ष झाले होते. तिच्या पेटीला लिबोरियोने उजवीकडून खांदा दिला आणि स्तेफानोने डावीकडून. संध्याकाळी स्तेफानो विहिरीचा पंप बघायला म्हणून बागेत गेला. त्यानंतर त्याला कोणी पाहिले नाही. शिपायांनी दोन दिवस झाडांखाली काठ्या आपटल्या आणि बाई-बाटलीचे प्रकरण म्हणून कागद मिटला. आठव्या दिवशी विहिरीवर लिबोरियोचे कुलूप होते.

मी त्याला विचारले. तो जेवत होता. म्हणाला की सूपमध्ये मीठ कमी आहे.

तेव्हापासून स्तेफानोची आई आणि बहीण दर २ नोव्हेंबरला त्या विहिरीवर जाऊन आत फुले टाकतात. दुसरी जागाच नाही. सगळे गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीकडे चढते आणि त्या दोघी उलट दिशेने बागेकडे. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद वर्षांची ती म्हातारी काठी टेकत जायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटपर्यंत विचारत होती, सापडला का. आता प्रोव्हिदेन्सा एकटीच जाते. ती बाजारात माझ्याशी बोलत नाही, फक्त मला ऐकू जाईल असे बोलते. गेल्या शनिवारी मी लिंबे निवडत होते, तर ती मासेवाल्याला सांगत होती की काही लोकांना मेल्यावर कुठे झोपायचं याची फार काळजी असते बाई, आमच्याकडे ती भानगडच नाही. वकील आल्याचे गावभर झाले आहे.

आणि तिचे बरोबर आहे. लिबोरियो जागा मागतो. मला वाटते, माणसाला जागा मागता येते ती दुसऱ्याची जागा सांगून. मी काल त्याला लिहिले. चारच ओळी: स्तेफानो कुठे आहे ते सांग. सांगितलेस तर तुला बाबांच्या भिंतीत जागा देईन, माझा शब्द. नाही सांगितलेस तर तुरुंगाच्या मागच्या अंगणात नंबर लावून पुरतील तिथे राहा.

आईने त्याला जवळ घेतले असते. तिने साप जरी जन्माला घातला असता तरी त्याला दूध पाजले असते. मी आई नाही.

प्रकृतीला जप. खुराड्यामागे बसू नकोस, सर्दी होईल.

निन्फाताई


(पाकिटावर तुरुंगाचा शिक्का)
९ मे १९९३

चि. निन्फीस लिबोरियोचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे. मी तिसरीपर्यंत शिकलो हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका मोजत बसू नकोस. हे पत्र इथला साहेब वाचून मग पाठवतो. वाचू दे. मला आता कोणाची भीती राहिली नाही आणि ज्यांना माझी होती त्यातले बरेच वर गेले.

मी एक महिना विचार केला. सदतीस वर्षं हे मी कबुलीजबाबाच्या वेळी पाद्रीलाही सांगितलं नाही.

तू विचारतेस तो आईजवळ आहे.

आपल्याकडं कप्पा पहिली रात्र नुसती फळी लावून ठेवतात, मेलेल्याला निरोप घेता यावा म्हणून, आणि गवंडी सकाळी विटा लावतो. गवंडी आपला होता. आईच्या पेटीमागं आत हातभर जागा होती. त्याला तिथं नीट ठेवला. अंगावर माझा कोट घातला.

हुकूम माझा होता. हात दुसऱ्याचे, ती माणसं आता नाहीत. सगळे म्हणाले विहिरीत टाक. मी नाही म्हणालो. मी पाटकरी माणूस, पिण्याचं पाणी मी नासवत नाही. आणि मला वाटलं, निन्फी दर रविवारी आईकडं दिवा लावायला जाईल, म्हणजे त्याच्याकडंही जाईल. तुला ठाऊक नसलं म्हणून काय झालं. दिवा तर लागला.

म्हणून आईचा कप्पा उघडू नका म्हणत होतो.

पाण्यावरचा ताबा मी सोडला असता तर दुसऱ्या कोणी मला सोडलं नसतं. एवढंच माझ्या बाजूनं. पोटात दुखतं. इथं जेवणात मीठच घालत नाहीत. गास्पारेला माझा आशीर्वाद कळव. त्याच्या सरदाराची पिसं लालच होती का गं? मला वाटतं हिरवी होती.

शब्द दिला आहेस.

तुझा थोरला भाऊ,
लिबोरियो


फावारेल्ला,
२० मे १९९३

चि. गास्पारे यास अ. उ. आ.

सोबत लिबोरियोच्या पत्राची नक्कल पाठवते. मूळ प्रत मी न्यायाधीशांकडे दिली. बसून वाच.

वाचलेस? आता माझे ऐक. मी दर रविवारी गेले होते. ऊन, वारा, गुडघा काही न पाहता. दिवा पुसायचा, जुनी फुले काढायची, आईशी दोन वाक्ये बोलायची. तिला मी स्तेफानोबद्दल सांगायची. आई, त्याचा अजून पत्ता नाही, असे त्या दगडावर हात ठेवून सांगायची. आणि तो त्या दगडापलीकडे, आईच्या पेटीमागेच होता. हे लिबोरियोने माझ्यावर केलेले उपकार आहेत, असे त्याचे म्हणणे दिसते.

पण मला झोप लागत नाही ती यामुळे नाही. शहाऐंशी साली तू आईचा कप्पा उघडायला सांगितलेस आणि मी सही दिली नाही. दिली असती तर स्तेफानो त्याच वर्षी सापडला असता. त्याची आई तेव्हा जिवंत होती. आणखी तीन वर्षे जिवंत होती. लिबोरियोला जागा मिळू नये म्हणून मी दरवाजा लावून धरला, आणि आत कोण आहे ते मला माहीत नव्हते. मी आयुष्यभर पोरांना शिकवले की तत्त्वाने वागा. तत्त्वाने वागण्याचा हिशेब इतका उलटा येऊ शकतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हते.

मी प्रोव्हिदेन्साकडे गेले. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. ती अंगणात बसून वाटाणे सोलत होती. मला पाहून म्हणाली की शाळा सुटली वाटतं, मास्तरीणबाई इकडे कशा. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले, पत्र वाचून दाखवले, आणि माझ्या सहीचेही सांगितले. ती वाटाणे सोलतच राहिली. मग तिने पहिले विचारले ते हे, की त्याच्या पायात बूट होते का. आदल्याच दिवशी तिने त्याचे बूट नव्या तळव्यांचे करून आणले होते आणि तो पैसे वाया घालवलेस म्हणून तिला बोलला होता. मी म्हटले, पत्रात बुटांचे नाही.

मग म्हणाली की म्हणजे सदतीस वर्षं आम्ही बेडकांना फुलं घातली. आणि तू न मागता आमच्या पोराला दिवा लावलास. देवाच्या घरचा पोस्टमन दारू पितो.

 मी निघाले तेव्हा हाक मारून म्हणाली की वाटाणे घेऊन जा, दोन मुठी जास्त निघालेत. त्या सहीपायी आमची आई असती तर तुझ्या अंगावर टोपली फेकली असती, मी टोपलीची किंमत जाणते म्हणून थांबले.

कप्पा उघडायचा अर्ज सोबत आहे. खुणेच्या ठिकाणी सही कर आणि परतीच्या टपालाने पाठव. टपालखाते संपावर जाण्याआधी.

निन्फाताई


मेलबर्न,
४ जून १९९३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

सही करून पाठवतोय. नाव वाचता येईल असं लिहिलंय.

दादाला जागा दे असं मी म्हणालो होतो ते परत घेतो. तू त्याला कुठं ठेवावंस ते आता तूच ठरव, मी एक शब्द बोलणार नाही. घरात बायकोला सांगितलं. ती म्हणाली की तुझ्या ताईला कोणीतरी मिठी मारायला हवी, आणि मग म्हणाली, पण जवळ कोण जाणार. ही तिची चेष्टा होती, पण ती रडत होती.

शहाऐंशीचं ओझं एकटीनं घेऊ नकोस. मी पुन्हा मागितलं असतं तर तू दिलं असतंस. मी एकदा विचारलं आणि गप्प बसलो, कारण तुझ्याशी वाद घालायला मी सातवीपासून घाबरतो. तो भित्रेपणा माझा.

सरदाराची पिसं लालच होती. हिरवी म्हणतो म्हणजे त्यालाही आठवत होतं तर.

मला लिहीत राहा ताई, राग आला तरी.

गास्पारे


फावारेल्ला,
२१ सप्टेंबर १९९३

लिबोरियो,

मायना घालत नाही, तो खरा घालता येत नाही.

काल न्यायाधीश, डॉक्टर आणि गवंडी यांच्यासमोर आईचा कप्पा उघडला. तू लिहिलेस तिथेच तो होता. तुझा कोट कुजला आहे. बुटांचे नवे तळवे आणि हाडाच्या मुठीचा चाकू शाबूत निघाले. प्रोव्हिदेन्साने तळव्यांचे खिळे मोजले आणि मान हलवली. चाकू तिने माझ्या हातात दिला.

त्याला आपण काय म्हणतो ते तुला कळावे म्हणून लिहिते: तो सापडला. सदतीस वर्षांत या गावात हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला.

माझा शब्द मी पाळते. तुला जागा मिळेल.

निन्फा


फावारेल्ला,
३ नोव्हेंबर १९९३

चि. गास्पारे यास अ. उ. आ.

तार मिळालीच असेल. आता सविस्तर.

स्तेफानोला १६ ऑक्टोबरला नेले. न्यायालयाने हाडे सोपवायला तीन आठवडे लावले, तेवढ्यात प्रोव्हिदेन्साने बँड ठरवला. मी म्हटले, इतक्या वर्षांनी बँड कशाला. ती म्हणाली की लग्नाला वाजवायचा होता, तेव्हापासून ठरलेलाच आहे. सगळे गाव आले. जे छप्पन्न साली खिडक्या लावून बसले होते, ते काठ्या टेकत आले. मिरवणूक कालव्यावरून वळवून आपल्या जुन्या घरासमोरून नेली, लिबोरियोच्या गच्चीखालून. पूर्वी सणाला संताची मूर्ती लिबोरियोला मान म्हणून त्या गच्चीसमोर थांबवून वाकवायचे, तुला आठवत असेल. स्तेफानोची पेटी तिथे थांबली, पण वाकली नाही. प्रोव्हिदेन्सा खांदेकऱ्यांना म्हणाली की जरा दम घ्या रे, इथं सावली बरी आहे. पाच मिनिटे उभी राहिली. मग निघालो. त्याला त्याच्या आईच्या शेजारी, मातीत ठेवले.

त्यानंतर तीन दिवसांनी तिकडे लिबोरियो गेला. माझे पत्र त्याला मिळाले होते, असे तिथल्या परिचारिकेने कळवले. उशीखाली ठेवायचा. शेवटी शेवटी तो मीठ मागत होता.

त्याला आणले तेव्हा पोलिसांचा हुकूम होता: चर्चमधली मिस्सा नाही, घंटा नाही, फुलांची गाडी नाही, सकाळी सहाला घरच्यांनी यावे आणि आटपावे. घरची म्हणजे मी. शिवाय पाद्री, गवंडी आणि दोन शिपाई. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी निघाला, त्याने टोपी काढली. कोणासाठी काढली ते मी विचारले नाही. वकील आला नव्हता.

जागा कोणती द्यायची, हा प्रश्न होता. मी प्रोव्हिदेन्साला विचारायला गेले. मला वाटले, तो हक्क आता तिचा. ती म्हणाली की आमच्या पोरानं सदतीस वर्षं धरून ठेवलेली जागा आहे, तीच दे त्याला. दुसऱ्याच्या अंथरुणात झोपल्यावर झोप कशी लागते ते त्यालाही कळू दे. पण तुझ्या आईला तिथून काढ, तिनं काय पाप केलं. म्हणून लिबोरियोला त्या कप्प्यात एकट्याला ठेवले. आईची हाडे छोट्या पेटीत काढून मी माझ्या कप्प्यात हलवली. मी गेले की आई माझ्या पायाशी असेल, किंवा मी तिच्या. दगडावर त्याचे नाव आणि दोन तारखा कोरल्या. फोटो लावला नाही. त्याचा माझ्याजवळ एकच चांगला फोटो होता, त्यात तो दहा वर्षांचा आहे आणि तुला कडेवर घेतले आहे. तो या पत्रासोबत तुला पाठवते. खुराड्यामागे नेऊन बघ.

गवंडी विटा लावायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवले. आपल्याकडे पहिली रात्र फळी लावून ठेवायची पद्धत आहे, ती ठेव म्हटले. शिपाई कुरकुरला, माझ्या विद्यार्थ्याने त्याला गप्प केले. का ठेवली ते मला सांगता येणार नाही. निरोप घेण्याजोगे त्याला कोणी असेल तर घेऊ दे.

काल मृतांचा सण झाला. प्रोव्हिदेन्सा बागेकडे न जाता वर दफनभूमीत आली, पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर. वाट तिला माहीत नव्हती, मी दाखवली. स्तेफानोपाशी तिने माझ्या हातात काडी दिली आणि म्हणाली की तुला सवय आहे, तूच लाव. मी लावला. मग मी आपल्या भिंतीकडे गेले. बाबांचा दिवा लावला, आजोबांचा, आईचा. चौथ्यासमोर काडी संपेपर्यंत उभी राहिले, बोट भाजले. दुसरी ओढली आणि लावला. प्रोव्हिदेन्सा मागे उभी होती. म्हणाली की तेल कमी घाल, त्याला कमीच पुरेल.

परतीच्या वाटेवर सावेरियो हलवायाच्या नातवाच्या दुकानात साखरेचा सरदार होता, लाल पिसांचा. विकत घेतला. तुझ्या नातीला वेगळ्या पुडक्यात पाठवला आहे. डोके मोडले तर रडू नये म्हणावे, ते ईस्टरपर्यंत पुरते.

आणि एक. परवा, सणाच्या आदल्या संध्याकाळी, सवयीने किसणी उचलून पिठाच्या डब्याकडे गेले. झाकण उघडले. मग परत बंद केले, किसणी धुऊन पुसली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडी ठेवून, पायावर पांघरूण न घेता झोपले.

माया असू दे.

तुझी,
निन्फाताई